अक्काची जीभ आणि माझे हरभरे

मी आज जो कोणी आहे तो सिंधूअक्कामुळे आहे, आणि याच सिंधूअक्काला मी तिच्या नातवाच्या बारशात, भरल्या मांडवात, आमच्या घराण्यातून काढून टाकलं.

आधी उपकार सांगतो, मग अपराध. सिंधूअक्का माझी सख्खी मोठी बहीण. ('सख्खी' हा शब्द मी हल्ली जपून वापरतो.) माझ्याहून चार वर्षांनी मोठी. देवळ्याजवळच्या आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती. पुढची शाळा लांब, आणि घरात सायकल एकच. अक्का सातवी पास झाली आणि तिनं सायकल माझ्यासाठी ठेवून दिली. तेव्हा माझे पाय पेडलपर्यंत पोचतसुद्धा नव्हते. बारावीनंतर मला नाशिकला बी.एस्सी.ला घालावं की नाही, यावर तात्या दोन महिने नुसते पान खात विचार करत होते. त्याच सुमारास अक्काला चांगलं स्थळ आलं. ती तात्यांना म्हणाली, "आधी बापूचं ॲडमिशन, मग माझी सुपारी." स्थळ काही थांबलं नाही. पुढच्या वर्षी दाजी आले. (दाजी आजही चारचौघांत सांगतात, "याच्या बी.एस्सी.पायी मी सापडलो हिला.")

घराण्यातला पहिला पदवीधर मी. पदवीदानाचा माझा फोटो अक्कानं तिच्या घरी दर्शनी भिंतीवर लावलाय, दाजींच्या वडिलांच्या फोटोशेजारी. त्यांच्या फोटोला चंदनाचा हार आहे. त्यामुळे नवीन आलेली माणसं माझ्याबद्दलही जराशी हळहळतात.

तर अशा बहिणीचा भाऊ, म्हणजे मी, नाशिकरोडकडच्या एका शाळेत दहावीला विज्ञान शिकवतो. वर्गातली निम्मी मुलं एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात काम करणाऱ्यांची, निम्मी आसपासच्या मळ्यांतली. आनुवंशिकतेचा धडा आला की पूर्वी मी फळ्यावर चौकट काढायचो, मुलं वहीत चौकट काढायची, आणि त्या चौकटीत आम्ही सगळेच पेंगायचो.

मग मी हरभऱ्यांचा खेळ काढला. स्टीलच्या दोन वाट्या. एक आईची, एक बाबांची. प्रत्येक वाटीत एक तपकिरी गावरान हरभरा आणि एक पांढरा काबुली. मुलानं डोळे मिटून दोन्ही वाट्यांतून एकेक दाणा उचलायचा. ते दोन दाणे म्हणजे त्याचं बाळ. जोडीत एक जरी तपकिरी आला तरी बाळ तपकिरी, कारण तपकिरीचा जोर जास्त. पांढऱ्या बाळासाठी दोन्ही दाणे पांढरेच यायला हवेत. (काबुली हाताला मोठा लागतो आणि मुलं चाचपून उचलतात, हे लक्षात यायला मला तीन वर्षं लागली. तेव्हापासून मी दुकानात उभं राहून बारीक काबुली निवडतो. दुकानदाराला वाटतं, मास्तर कंजूष आहे.) पण तपकिरी आईबाबांच्या पोटी पहिलं पांढरं बाळ निघतं, तेव्हा वर्गात जो गलका होतो तो ऐकून शेजारच्या वर्गातले इतिहासाचे सरही डोकावून जातात. त्या गलक्याचा मला अभिमान आहे. आजही आहे.

यंदा परिसरातल्या विज्ञान शिक्षकांसमोर आदर्श पाठ घ्यायला माझं नाव निघालं. शिक्षण विभागाच्या विस्तार अधिकारी बाई स्वतः येणार होत्या. मी पहिला फोन अक्काला केला.

"बापू," ती म्हणाली, "तुला शिकवलं आम्ही, पण तू शिकवतो कसा ते कुठं पाह्यलं? मी येते. मागच्या बाकावर बसंन, बोलणार नाय."

पाठ दोन आठवड्यांवर होता. मध्ये फक्त बारसं होतं.

बारशात बाळाची वाटणी होते. बायका पाळण्याभोवती जमतात आणि एकेक अवयव ज्याच्या त्याच्या नावावर लावून टाकतात. अक्काच्या नातवाचं नाक दाजींकडे गेलं, कपाळ सुनेच्या माहेरी गेलं, आणि कानांवरून तिढा पडला.

"कान आमच्या बापूचे," माझी आई म्हणाली.

"कान आमचेच," अक्काच्या सासूबाई म्हणाल्या. त्यांना आम्ही सगळेच मोठ्याई म्हणतो. त्या कमी बोलतात, पण बोलल्या की पुन्हा कोणी बोलत नाही.

त्या क्षणी माझ्या तोंडात एखादा लाडू असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तोंड रिकामं होतं. मी म्हणालो, "हे असं नुसतं बघून ठरत नाही. त्याच्यामागं विज्ञान आहे."

"मग सांग की," दाजी म्हणाले. "मास्तर घरचाच हाय."

माझा पाठ दोन आठवड्यांवर आलेला, समोर आयता वर्ग बसलेला, आणि बारसं म्हणजे घुगऱ्या आल्याच. मी उकडलेले गावरान हरभरे घेतले, आचाऱ्याकडून छोल्यांसाठी भिजवलेले काबुली मागवले, दोन वाट्या मांडल्या. "ही आईची वाटी, ही बापाची. दाजी, डोळे मिटा आणि उचला."

दाजींनी डोळे मिटले, एकेक दाणा उचलला आणि तोंडात टाकला.

"दाजी, ते बाळ होतं!"

"मीठ कमी हाय त्याला," दाजी म्हणाले.

पाच मिनिटांत पाहुण्यांनी माझ्या दोन्ही वाट्या संपवल्या. शहाण्या माणसानं इथं थांबायला हवं होतं. मी हरभरे सोडले आणि जिभेवर आलो.

"ज्याची जीभ अशी कडेनं वर वळून पन्हळीसारखी होते ना," मी हातानं दाखवलं, कारण माझी वळत नाही, "त्याच्यात तपकिरी दाणा आहे असं समजा. ज्याची वळत नाही त्याचे दोन्ही पांढरे. आईबाप दोघांची वळत नसेल, तर पोरांपैकी एकाचीही वळणार नाही. काय वाटेल ते झालं तरी नाही."

पुढच्या मिनिटाला अख्खा मांडव जीभ बाहेर काढून शेजाऱ्याकडे बघत होता. फोटोवाला नेमका तेव्हाच आत आला, आणि कॅमेरा न उघडता दारातच उभा राहिला.

"तात्या, काढा."

तात्यांनी पान एका गालात सारून जीभ काढली. फळी. आईनं पदराआडून काढली. भाकरी. मी माझी काढली. पुन्हा फळी.

"बघितलं?" मी मांडवाकडे वळलो. (तो आवाज मला अजून आठवतो. वर्गात मुलाचं उत्तर चुकल्यावर मी जो लावतो, तोच.) "आमच्या घरात वळणारी जीभ असूच शकत नाही."

"ही बघ की रे," अक्का म्हणाली.

ती पाळण्याशी बसली होती, नातू मांडीवर. तिनं जीभ बाहेर काढली आणि ती अशी काही सुबक वळवली की त्या पन्हळीतून पाणी सोडलं असतं तर वाफा भरला असता.

मांडवातल्या बाकीच्या जिभा एकेक करून आत गेल्या. मोठ्याईंनी, चहात साखर घालू का असं विचारावं इतक्या सहज विचारलं, "मग ही कोणाची?"

माझी आई चिडली की अहिराणीवर येते. "तुन्हा डोकामा काय भरेल शे?" ती माझ्यावर ओरडली. "हाई मन्ही पोर शे! मन्ही!" ही माझीच पोर, असं तिनं अख्ख्या मांडवाला बजावलं.

तात्या शांतपणे आठवून सांगू लागले, "ही घरातच जन्मली. त्या दिवशी आपल्याकडं दुसरं बाळंतपण फक्त गायीचं झालं. वासरू वेगळं होतं, मी स्वतः पाह्यलंय."

"मग हा आहेर कोणत्या माहेरचा धरायचा?" दाजी आईनं आणलेल्या साड्यांकडे बोट दाखवून म्हणाले. मांडवात जो हशा झाला त्यात अक्काही हसली. तिनं जीभ आत घेतली आणि बाळाचं दुपटं नीट करू लागली.

तेव्हा तरी मी म्हणायला हवं होतं की पुस्तक चुकत असेल. एवढंच. पण बावीस वर्षं हेच शिकवलेला माणूस मी. मी म्हणालो, "पुस्तकात तर असंच आहे."

निघताना स्वयंपाकघरात अक्कानं डब्यात लाडू भरून दिले. झाकण दाबता दाबता म्हणाली, "बापू, मग त्या पाठाला मी येऊ, का घरच्यांनाच बोलवलंय?" आणि हसली. ती हसताना नेहमी माझ्याकडे बघते. त्या दिवशी डब्याकडे बघून हसली.

घरी येऊन मी माझी कॉलेजातली वही काढली. जिभेचं पान होतं, खाली लाल रेघही होती. मग माझ्या कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या जुन्या मॅडमना फोन लावला. त्या आता निवृत्त आहेत, पण त्यांचा आवाज ऐकून मी अजून उभा राहतो.

"अरे, ती जिभेची गोष्ट केव्हाच मोडीत निघाली," त्या म्हणाल्या. "हुबेहूब जुळ्या भावांतसुद्धा एकाची वळते, दुसऱ्याची नाही. काहींना तर सरावानं जमतं. एका दाण्याचं काम नाही ते. तू अजून तेच शिकवतोस?"

"नाही, नाही," मी म्हणालो. (उभं राहूनच.)

फोन ठेवला आणि खुर्चीत बसलो. बावीस वर्षं. किती मुलं माझं ऐकून घरी गेली असतील, जेवताना आईबापांच्या जिभा न्याहाळल्या असतील आणि कोणाला काही न बोलता झोपली असतील! माझ्या बहिणीला निदान मांडवभर साक्षीदार तरी होते.

अक्काला फोन केला. झालेली चूक सांगितली, जुळे भाऊ सांगितले, मॅडम सांगितल्या.

"बरं झालं," ती म्हणाली. "मला बी वाटलंच होतं."

"पाठाला येशील ना?"

"कांदा काढायला आलाय. बघते."

अक्का "बघते" म्हणाली की ती येत नाही. हे मला लहानपणापासून माहीत आहे. सायकल हवी का, असं तात्यांनी विचारलं होतं तेव्हाही ती "बघते"च म्हणाली होती.

पुढच्या दोन आठवड्यांत मी अक्काला चार फोन केले. चारही वेळा कांदाच काढायला आलेला होता. गावी फोन केला तर तात्या वैतागलेले. "तुझ्या आईला काय करून ठेवलंस? सकाळ-संध्याकाळ आरशासमोर जीभ काढून बसती. परवा दूधवाला न मापता दूध ठेवून गेला. शेजारीण अंगारा घेऊन आली."

"कशासाठी करतेय?"

"ती कुठं सांगती. तिची जीभ बाहेर असती."

पाठाचा दिवस उजाडला. वर्गात चाळीस मुलं, मागे वीसेक शिक्षक आणि आमचे मुख्याध्यापक, पुढच्या खुर्चीत विस्तार अधिकारी बाई, मांडीवर शेऱ्यांची वही. मागच्या बाकावर मी एक जागा धरून ठेवली होती. तिच्यावर माझी छत्री होती.

वाट्या मांडल्या. मुलं दाणे उचलू लागली. तपकिरी, तपकिरी, तपकिरी, आणि मग पहिलं पांढरं बाळ निघालं. ठरल्याप्रमाणे गलका झाला. अधिकारी बाईही हसल्या. मी छत्रीकडे बघितलं.

तेवढ्यात दार उघडलं. पुढे आई, मागे तात्या, त्यांच्यामागे कांद्याची पिकअप मार्केटला लावून आलेले दाजी, आणि सगळ्यांच्या मागे, चपला बाहेर काढून, अक्का. आईनं तिचं मनगट धरलेलं होतं. मोठ्या माणसाला आणतात तसं नाही, शाळा बुडवणाऱ्या पोराला आणतात तसं.

"आई, पाठ चालू आहे," मी पुटपुटलो.

आईनं माझ्याकडे लक्ष दिलं नाही. तिनं वर्ग पाहिला, सगळ्यांत मोठी खुर्ची कोणाची ते पाहिलं, सरळ अधिकारी बाईंसमोर जाऊन उभी राहिली आणि जीभ बाहेर काढली.

चाळीस मुलं, वीस शिक्षक आणि एक मुख्याध्यापक माना उंचावून बघत राहिले. आईची जीभ थरथरली, डावी कड उचलली, मग उजवी, आणि दोन्ही कडा वर येऊन पन्हळ झाली. थोडी वाकडी, पण पन्हळ. आईनं तशाच जिभेनं गर्रकन वळून वर्गाला दाखवली, मला दाखवली, आणि आत घेऊन म्हणाली, "मन्ही पोर शे. लिही तुन्हा पुस्तकमा."

अधिकारी बाई म्हणाल्या, "सर, हा पाठाचाच भाग आहे का?"

मला सुटायला जागा होती. मी "हो" म्हटलं असतं तर शेऱ्यात एक वेगळा उपक्रम म्हणून नोंद झाली असती. पण अक्का दाराशी उभी होती, आणि या वेळी ती माझ्याकडे बघत होती.

"नाही मॅडम," मी म्हणालो. "ही माझी आई. ती माझी मोठी बहीण. मी चुकीचं शिकवत होतो." आणि मग मी मुलांना सगळं सांगितलं. बारसं, घुगऱ्या, जीभ, वासरूसुद्धा. सांगितलं की जीभ या दोन वाट्यांचं ऐकत नाही. माणसाच्या बऱ्याच गोष्टी ऐकत नाहीत. कोणाची जीभ किंवा कान बघून कोण कोणाचं हे ठरवू नका, आणि मी ठरवलं होतं, ते चूक होतं. आधीच्या वर्गांतलं कोणी भेटलं तर त्यांनाही सांगा.

मुलं वासराला हसली. एका मुलीनं हात वर केला. "सर, मग वाट्या खोट्या का?"

"वाट्या खोट्या नाहीत," मी म्हणालो, आणि सवयीनं फळ्यावर चौकट काढायला वळलो. वीस शिक्षक माझ्याकडे बघत होते.

"मी सांगू का?" मागून आवाज आला. अक्कानं माझी छत्री बाजूला ठेवली होती आणि ती बाकावर बसली होती. बसल्या बसल्या हात वर केलेला. सातवीनंतर पहिल्यांदा.

"सांगा ना, ताई," अधिकारी बाई म्हणाल्या.

"आम्ही कांद्याचं बी घरचं धरतो," अक्का उठून म्हणाली. "चांगले कांदे निवडून पुन्हा जमिनीत लावायचे. त्याला दांडे येतात, वर फुलाचा गेंद येतो. त्याला डोंगळे म्हणतात. त्यातून बी. आता एक वर्षी आमच्या लाल कांद्याच्या डोंगळ्याजवळ शेजाऱ्यानं पांढऱ्याचे लावले. मधमाशीला काय बांध कळतो? ती दोन्हीकडं फिरली. त्या बियाचे कांदे आले ते सगळे लालच. कोणाला काय कळलं नाय. त्यातलेच निवडून पुन्हा डोंगळे लावले, पुन्हा बी धरलं. आणि त्या पुढच्या खेपेला लालाच्या वाफ्यात पांढरे कांदे. दाजी तुमचे..." ती चुकून मुलांनाच म्हणाली, आणि वर्ग हसला, "हे म्हणाले, बी बदललं, कोणीतरी फसवलं. मी म्हणलं, बी आपलंच हाय. पांढरा आत लपून बसला होता. लाल होता तोवर दिसला नाय, इतकंच."

ती पुढे आली. दोन्ही वाट्यांतून एकेक काबुली उचलला आणि तळहातावर ठेवून मुलांना दाखवला. "हा तोच. पांढरा निघाला म्हणून आम्ही त्याला परका म्हणलं नाय. आपल्याच वाफ्यातला होता."

वर्गात तो गलका झाला नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग शिक्षकांनीही वाजवल्या. मी वाजवल्या की नाही ते आठवत नाही. मी चष्मा पुसत होतो. (खडूची धूळ फार असते.)

"तुमचं शिक्षण किती, ताई?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"सातवी," अक्का म्हणाली. मग माझ्याकडे बोट करून, "पुढचं यानं केलं."

त्या रविवारी मी अक्काला पत्र लिहिलं. वसतिगृहातून मी लिहिलेली सगळी पत्रं तिनं पत्र्याच्या पेटीत ठेवली आहेत. फोनवर मागितलेली माफी पेटीत ठेवता येत नाही, म्हणून पत्र.

"ती. सौ. अक्कास,
बापूचा नमस्कार.

पाठाचा शेरा आला. अधिकारी बाईंनी लिहिलंय, 'विषयाची मांडणी उत्कृष्ट. शिक्षकांनी आपल्या भगिनींचं मार्गदर्शन असंच घेत राहावं.' मुख्याध्यापकांनी तो सूचनाफलकावर लावलाय. मला रोज त्याच्याखालून वर्गात जावं लागतं, आणि खरं सांगतो, मान वर करून जातो.

मुलं विचारतात, कांद्याच्या बाई पुन्हा केव्हा येणार? मी सांगितलं, डोंगळे फुलले की आपणच त्यांच्या मळ्यात जाऊ. चाळीस जण आहेत. दाजींना सांग, घुगऱ्यांत मीठ बेताचं ठेवा.

अक्का, तू सायकल ठेवून दिलीस तेव्हा माझे पाय पोचत नव्हते. भर वर्गात तू हात वर केलास आणि मला कळलं की अजून पोचलेले नाहीत. बारशात मी जे बोललो त्याची माफी मागतो. माझ्यातलं जे काही चांगलं आहे ते कोणत्या वाटीतून आलं, हे मला पुस्तकाशिवाय माहीत आहे. मी ते मांडवात बोलायला हवं होतं, ते इथं लिहितो. वाचून पेटीत ठेव.

तुझा सख्खा भाऊ,
बापू

ता. क. आईच्या नादानं आता तात्यांचीही जीभ वळायला लागली आहे. घरात सरळ जिभेचा उरलो तो मी एकटा. मीही रोज आरशासमोर बसतो, जमत नाही. आई म्हणते, माझ्या जन्माच्या दिवशी गोठ्यात म्हैस व्याली होती, आणि ते रेडकू म्हणे फार हुशार होतं."